गाळलेलं पाणी आणि बंद केलेला नळ



मागच्या बुधवारी मंडळात स्वाध्याय झाला आणि नेहमीप्रमाणे चटया गुंडाळता गुंडाळता गप्पा सुरू झाल्या. आमच्यातल्या एक वहिनी नव्यानेच घरमालकीण झाल्या आहेत. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, म्हणून त्याचा इथला फ्लॅट भाड्याने दिला. भाडेकरूने दोन महिने भाडं थकवलं. वहिनी हसत हसत सांगत होत्या, "मी काही भांडत बसले नाही. गच्चीवर गेले आणि सरळ टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला. तिसऱ्या दिवशी माणूस एका महिन्याचे पैसे घेऊन दारात!" सगळ्या हसल्या. दोघीतिघींनी टाळ्या दिल्या. एकीने विचारलं, "लाइटचं पण असं करता येतं का हो?"

मी हसले नाही, पण तोंडही उघडलं नाही. घरी आल्यावर मला त्या गप्प बसण्याचीच जास्त लाज वाटली. कारण मागच्या वर्षी मी स्वतः हेच केलं होतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वहिनींना फोन करून कळवलं की मी यावर लिहिणार आहे. त्या म्हणाल्या, "लिहा की, पण माझं नाव घालू नका." नाव घालत नाही. तसाही हा लेख त्यांच्यापेक्षा माझ्याबद्दलच जास्त आहे.

आधी माझी गोष्ट सांगते.

हे होते तोवर घराबाहेरचे सगळे व्यवहार तेच बघायचे. ते गेले आणि विश्रामबागेतला दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या नावावर झाला. त्रेसष्टाव्या वर्षी मी घरमालकीण झाले. बी.कॉम. आहे मी, हिशेब कळतो. पण हिशेब कळणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दारात उभं राहून पैसे मागणं वेगळं. एजंटने एक कुटुंब आणलं. नवरा खाजगी नोकरीत, बायको शिवणकाम करणारी, मुलगी दहावीत. भाडं ८,५०० रुपये, डिपॉझिट ३०,०००, भाडं दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत. स्टँप पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का घेतला आणि मला वाटलं, झालं काम.

पहिले काही महिने पैसे वेळेवर आले. एप्रिलचे १२ तारखेला आले, मेचे २० तारखेला, जूनचे २८ ला. जुलैचे आलेच नाहीत. या चार महिन्यांत मी काय केलं, ते सांगते. धाकट्या जावेला सांगितलं. शेजारणीला सांगितलं. बस्तीत पूजा आटोपून पायऱ्या उतरताना दोघींना सांगितलं. बंगळुरूला मुलाला रोज रात्री फोनवर सांगितलं. फक्त ज्याला सांगायचं, त्या भाडेकरूला एकदाही नीट विचारलं नाही. जिन्यात भेटला की "काय, बरं आहे ना?" एवढंच. पैशाचं कसं बोलायचं, बरं दिसत नाही, असं वाटायचं. आणि मनात मात्र राग साठत होता.

ऑगस्टचंही भाडं आलं नाही. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही फार साध्या. पाणी बंद करा, आपोआप येईल." एका सकाळी मी गच्चीवर गेले आणि त्यांच्या खोल्यांकडे जाणारा व्हॉल्व्ह माझ्या हाताने बंद केला. घरी आले. हंड्याच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधलं आणि रोजच्यासारखं पाणी गाळायला घेतलं.

ते फडकं हातात असतानाही मला काही वाटलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे. आपल्याला वाटतं की चुकीचं काही करताना मन टोचतं. नाही टोचत. सवयीने हात चालतात.

दहाच्या सुमारास ती बाई दोन बादल्या घेऊन शेजारच्या बोअरवर निघाली होती. मागे मुलगी कळशी घेऊन, शाळेच्या गणवेशात. मला बघून बाई थांबली आणि म्हणाली, "काकू, पाणी सगळ्यांचंच गेलंय का हो?" तिला कल्पनाच नव्हती. आणि मी म्हटलं, "हो का? बघते हं." एका वाक्यात मी खोटंही बोलले. दुपारी वर जाऊन व्हॉल्व्ह उघडला. संध्याकाळी ती मला सांगायला आली, "काकू, तुम्ही बघितलंत म्हणून आलं पाणी."

मग दशलक्षण आले. दहा दिवस मी एकाशन केलं. उत्तम सत्यावर मंडळात पाच मिनिटं बोलले सुद्धा. अनंत चतुर्दशी झाली आणि दुसऱ्या दिवशी क्षमावाणीचा संदेश मोबाइलवरून सगळ्यांना पाठवला: कळत नकळत मन दुखावलं असल्यास वगैरे. त्या यादीत तिचाही नंबर होता. तिने उलट हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते चित्र बघून मात्र मला जेवण गेलं नाही. मी कळून सवरून केलं होतं, आणि तिला कशासाठी क्षमा मागितली जाते आहे हेच माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी दोघा नवरा-बायकोंना घरी बोलावलं. समोर कागद ठेवला: जुलै ८,५००, ऑगस्ट ८,५००, सप्टेंबर ८,५००. बाईने कागदाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. तो मान खाली घालून बसला होता. त्याची नोकरी जूनमध्येच गेली होती. घरी तो रोज डबा घेऊन निघत होता आणि भाडं दिलं म्हणून सांगत होता. म्हणजे मी ज्यांचं पाणी तोडलं, त्यांतल्या दोघींना भाडं थकलंय हेच ठाऊक नव्हतं. शिक्षा मी त्यांना दिली आणि ज्याने थकवलं तो त्या वेळी डबा घेऊन बाहेर गेलेला होता.

आता मूळ मुद्द्यावर येते.

आपण कोण लोक आहोत? डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी पाणी गाळून पिणारे. गाळल्यावर फडक्यावरचं जिवाणी पुन्हा जिथलं तिथे सोडणाऱ्या आपल्या सासवा आपण पाहिल्या आहेत. आणि आपणच तीन माणसांचं, त्यात एका शाळकरी मुलीचं, पाणी बंद करून त्याची गंमत मंडळात सांगतो? वर टाळ्या?

ज्या बुधवारी हे बोलणं झालं, त्याच दिवशी आपण तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचत होतो. अहिंसा अणुव्रताचे अतिचार आपण पाठ म्हणतो. त्यांत एक अन्नपाननिरोध आहे. आपल्यावर अवलंबून असलेल्याचं अन्नपाणी अडवणं. आपण ते गाई-बैलांपुरतं समजतो, कारण पंडितजी तसं उदाहरण देतात. आज आपल्याकडे गाई-बैल नाहीत. आपल्या हातात टाकीचे व्हॉल्व्ह आहेत. व्रताचा अर्थ कुणाला लागू करायचा, हे वेगळं सांगायला हवं का?

"अहो, पण घर आमचं आहे," असं एकजण म्हणाली. घर आपलं आहेच. पण भाड्याने दिलेल्या घरात राहण्याचा हक्क आपण पैसे घेऊन दुसऱ्याला दिला आहे. ज्यांना धर्माची भाषा जड वाटते त्यांच्यासाठी कायद्याची भाषा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम २९ सांगतं की घरमालकाने भाडेकरूचा पाणी, वीज असा अत्यावश्यक पुरवठा योग्य कारणाशिवाय तोडायचा नाही. तोडला तर न्यायालय तो सुरू करायला लावू शकतं, आणि मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. कुलूप बदललं, सामान बाहेर ठेवलं, तर आणखी पंचाईत. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ प्रमाणे, कायद्याचा मार्ग सोडून ज्याला जागेतून काढलं तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो, आणि तिथे मालक कोण हे बघितलंच जात नाही. म्हणजे पैसे त्याने थकवायचे आणि आरोपी म्हणून उभं आपण राहायचं. चाळीस वर्षांपूर्वीच्या बी.कॉम.लाही कळतं की हा तोट्याचा व्यवहार आहे.

"पण वहिनींना पैसे मिळाले ना?" मिळाले. एका महिन्याचे. ते कुठून आले, हे वहिनींनी विचारलं नाही. व्याजाने आणले असतील, बायकोचं काही मोडलं असेल. पुढच्या महिन्याचं काय? पुन्हा व्हॉल्व्ह? ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडे नळ बंद केल्याने येत नाहीत. ज्याच्याकडे असून तो देत नाही, त्याला नळ बंद करून आपण फक्त पोलिसांत जायला एक चांगलं कारण देतो.

इथवर वाचून काहीजणी म्हणतील, म्हणजे दया करावी, जाऊ द्यावं. मुळीच नाही. मला या लेखात दुसरं भांडण त्या "जाऊ दे"शी आहे. आणि ते मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

एप्रिल ते ऑगस्ट मी "जाऊ दे" म्हणत होते. ती दया नव्हती. ती भीड होती, थोडा आळस होता, आणि "बाई किती चांगल्या" असं म्हणवून घेण्याची हौस होती. खरी दया असती तर बाहेर चार घरी मी त्या माणसाची बदनामी केली नसती. आणि माझ्या गप्प बसण्याने त्याचं भलं झालं का? जुलैमध्येच विचारलं असतं तर त्याच्या डोक्यावर ८,५०० होते. सप्टेंबरात २५,५०० झाले. आवाक्यातलं कर्ज मी गप्प राहून आवाक्याबाहेर जाऊ दिलं. त्याच सातव्या अध्यायात अतिभारारोपण हाही एक अतिचार आहे, पेलणार नाही इतकं ओझं लादणं. शास्त्राचा अर्थ मी थोडा ताणते आहे हे मला कळतं, पण आपल्या न विचारण्यानेही ओझं वाढतं हे खोटं नाही.

तिसरा उपाय मंडळात नेहमी ऐकू येतो: "आपल्यातलाच भाडेकरू ठेवावा." स्वयंपाकघराचे आपले नियम आहेत, कांदा-लसणापर्यंत आपण बघतो, ते मी समजू शकते. पण शाकाहाराचा आणि ५ तारखेचा काही संबंध नाही. आपल्यातल्यानेही भाडं थकवल्याची उदाहरणं आपल्या प्रत्येकीला माहीत आहेत, फक्त ती आपण बोलत नाही. उलट आपल्यातल्याकडे मागणं जास्त अवघड. त्याची आई बस्तीत शेजारी बसते, त्याच्या मामाकडे आपली भाची दिलेली असते. मग करारही होत नाही, पावतीही नाही, "आपल्यात कशाला कागद?" म्हणून. आणि बिनसलं की दोन घरांचं येणंजाणं दोन पिढ्या बंद. जात-धर्म बघून आपण कागद टाळतो आणि त्याला विश्वास म्हणतो. भाडेकरू निवडताना त्याची नोकरी, आधीच्या घरमालकाचा अनुभव आणि सही बघा.

माझा कागद कसला होता ते ऐका. सप्टेंबरात मी आमच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले, माझा नोटरी केलेला करार ऐटीत पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "काकू, हा नोंदणी केलेला नाही." मी म्हटलं, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ना? हा गैरसमज आपल्यात घरोघरी आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे महाराष्ट्रात भाडेकरार, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, ते खोटं आहे हे आपण सिद्ध करायचं. म्हणजे ज्या दिवशी मी कायद्याच्या नावाने ओरडत होते, त्या दिवशी कायदा मोडणारी पहिली मीच होते.

नोंदणीला खर्च किती येतो? हा हिशेब मी वहीत केला. अकरा महिन्यांचं भाडं ९३,५००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरतात, अकरा महिन्यांचे २,७५०. एकूण ९६,२५०. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे अडीचशेच्या आत. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. आता हे ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठ्यावर, घरी बसून. एजंटचे पैसे वेगळे धरले तरी एका महिन्याच्या भाड्यापेक्षा पुष्कळ कमी. एवढे वाचवायला गेले आणि मी हात बांधून बसले.

"कोर्टात वीस वर्षं जातात हो," असंही म्हणतात. जुन्या पागडीच्या भाडेकरूंच्या गोष्टी ऐकून आपण घाबरलेल्या आहोत. त्या भाडेकरूंना वेगळं संरक्षण आहे. थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर नव्वद दिवस थांबल्याशिवाय त्यांच्यावर थकबाकीसाठी दावाच लावता येत नाही. पण आपण आज जे फ्लॅट देतो ते लिव्ह अँड लायसन्सने. राहण्यासाठी दिलेल्या अशा जागेची मुदत संपूनही कुणी हलत नसेल, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. हा दिवाणी दाव्यापेक्षा जवळचा रस्ता आहे. तिथे लेखी करारात जे लिहिलंय ते पुरावा म्हणून धरतात, आणि मुदतीनंतर राहिलेल्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. वेळ तिथेही लागतो, रोज उठून निकाल लागत नाहीत. पण वीस वर्षांची भीती दाखवून व्हॉल्व्ह फिरवण्याचं समर्थन आता चालणार नाही.

आता सगळ्यात खरा आक्षेप. तो मला एका ताईंनी फोनवर विचारला. त्या विधवा आहेत, मूल नाही, दोन खोल्यांच्या भाड्यावर त्यांची औषधं आणि वाणसामान चालतं. त्या म्हणाल्या, "तुमचा मुलगा पैसे पाठवतो, तुम्हाला अहिंसा सुचते. माझा भाडेकरू देत नाही तेव्हा मी उपाशी राहते. माझ्या अन्नपाननिरोधाचं काय?"

ताई, तुमचा प्रश्न मी आठ दिवस डोक्यात ठेवला. तुमचं म्हणणं बरोबर आहे. भाडं थकवणं ही काही लहान गोष्ट नाही, आणि घरमालक म्हणजे श्रीमंत असं धरून चालणाऱ्यांचं मला पटत नाही. पण म्हणूनच तुम्हाला माझ्यासारखं चार महिने थांबणं परवडणार नाही, आणि पोलीस-कोर्टाचं लचांड तर त्याहून नाही. जिला भाड्यावर जगायचं आहे तिने नोंदणी माझ्याआधी करायला हवी, डिपॉझिट थोडं जास्त घ्यायला हवं, आणि ५ तारीख उलटली की ६ ला दार वाजवायला हवं. तिने कडक असावं. दुष्ट असण्याने तिला काही मिळत नाही.

कडक म्हणजे कसं, ते मी आता शिकले आहे. ६ तारखेला फोन किंवा भेट, स्पष्ट शब्दांत: "भाडं आलं नाही, कधी देणार?" जी तारीख तो सांगेल ती त्याच संध्याकाळी मोबाइलवर लिहून पाठवायची. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती द्यायची. ती आपली कायदेशीर जबाबदारीही आहे. बोलताना घरातल्या दोघांनाही समोर बसवायचं. माझ्या अनुभवावरून हे फार महत्त्वाचं. दुसरा महिना चुकला की साध्या भाषेत लेखी पत्र. तिसऱ्याची वाट न बघता करारात असेल तितक्या मुदतीची जागा सोडण्याची नोटीस, वकिलाकडून. डिपॉझिट संपेपर्यंत थांबू नका. माझं ३०,००० म्हणजे साडेतीन महिन्यांचं भाडं. त्यातच शेवटचं वीजबिल आणि मोडतोडही भागायची असते. नोटीस उशिरा दिली की डिपॉझिट आधीच खाऊन झालेलं असतं आणि मग आपला हात व्हॉल्व्हकडे जातो.

आणि कागदाच्या गोष्टी बोलतोच आहोत तर आपल्या बाजूचंही बोलू. करारात भाडं कमी दाखवायचं आणि उरलेलं रोख घ्यायचं, हा प्रकार आपल्यात नाही असं कुणी म्हणू नये. सत्य अणुव्रतात कूटलेखक्रिया कशाला म्हणतात ते आठवा. शिवाय घरभाड्यातून महापालिकेचा भरलेला कर वजा करून उरलेल्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते. कुठलीही पावती न दाखवता. तरीही चोरी करायची? उद्या वसुलीची वेळ आली तर त्या रोख रकमेचा तुमच्याकडे एक चिटोरा नसेल. तसंच डिपॉझिटचं. भाडेकरू जाताना रंगाचे इतके, खिळ्यांचे इतके, साफसफाईचे इतके म्हणून निम्मं ठेवून घेणं. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव दाबणं याला न्यासापहार असा शब्द आहे आणि तो आपण दरवर्षी वाचतो. भाडेकरूच्या वाईट वागण्याच्या गोष्टी आपण मोठ्याने सांगतो, या दोन गोष्टी मात्र कुणी मंडळात हसत हसत सांगत नाही.

माझ्या भाडेकरूंचं पुढे काय झालं, ते सांगायला हवं. मी त्यांना ठेवून घेतलं नाही. काहीजणींना वाटेल एवढं सगळं झाल्यावर ठेवून घ्यायला हवं होतं. नवऱ्याला नोकरी नव्हती, बाईच्या शिवणकामावर ८,५०० झेपणार नव्हते. ठेवलं असतं तर थकबाकी वाढली असती आणि मी पुन्हा कुढत बसले असते. मी दोघांसमोर सांगितलं की ऑक्टोबरअखेर जागा सोडावी लागेल. लिहून दिलं आणि त्यांची सही घेतली. मुलीची सहामाही संपून दिवाळीची सुट्टी लागेल, तोवर हलायला नको, एवढं बघितलं. बाईने त्या दिवसापासून सगळं हातात घेतलं. तिने स्वतः माहेरच्या गल्लीत निम्म्या भाड्याची खोली शोधली. चार महिन्यांचे ३४,००० झाले. डिपॉझिटचे ३०,००० वळते करून ४,००० राहिले. तिने पुढे दोन वेळा हजार-हजार आणून दिले. मी पावती दिली. उरलेले दोन हजार मी सोडले आणि सोडले असं तिला लिहून दिलं. नुसतं मनात सोडलेलं कर्ज समोरच्याला कळत नाही, तो आपल्याला बघून रस्ता बदलत राहतो.

ती माणसं शेवटच्या दिवशी खोल्या झाडून, किल्ली हातात देऊन गेली. बाई पाया पडायला वाकली. व्हॉल्व्हचं मी तेव्हाही सांगितलं नाही. ते राहिलंच.

फ्लॅट आता पुन्हा दिला आहे. या वेळी करार नोंदणीकृत, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिलेली. परिग्रह परिमाणात घर-जमीन किती ठेवायची याची मर्यादा घालायला आपल्याला सांगितलेली आहे. ती मर्यादा प्रत्येकीची वेगळी असेल, त्यावर मी बोलत नाही. पण जे ठेवलंय त्याची देखरेख करायची ताकद नसेल, विचारायची हिंमत नसेल, कागद करायचा कंटाळा असेल, तर तेवढं घर आपल्याला जास्तच झालं आहे असं समजायला हरकत नाही.

मंडळाला माझी एक विनंती आहे. दर महिन्याचा एक बुधवार पाककृतींऐवजी व्यवहारासाठी ठेवू. त्या वकीलबाई यायला तयार आहेत, मी विचारलं आहे. आपल्यातल्या कितीतरीजणी नवरा गेल्यावर किंवा मुलं बाहेरगावी गेल्यावर अचानक घरमालकीण होतात, आणि त्यांना सल्ला मिळतो तो दिरांचा आणि एजंटचा. ज्या वहिनींच्या गोष्टीने हा लेख सुरू झाला, त्यांनी फोन ठेवताना मला विचारलं, "मग आता मी काय करू?" मी म्हटलं, आधी व्हॉल्व्ह उघडा. मग उद्या त्यांना घरी बोलवा, दोघांनाही. त्या म्हणाल्या, "व्हॉल्व्ह तर कधीच उघडला हो." पण बोलावलंय का, ते अजून कळलेलं नाही.

आणि मी येत्या रविवारी त्या गल्लीत जाणार आहे. क्षमावाणीची वाट बघत नाही. त्या सकाळी पाणी कुणी बंद केलं होतं, ते तिला सांगायचं आहे. ती काय म्हणेल माहीत नाही. मुलगी घरी असेल तर तिच्यासमोरच सांगेन, कळशी तिनेही वाहिली होती.

जय जिनेंद्र.